बोराटीचं कुंपण

हरणांपासून मेथी वाचवायला मी वाफ्यांभोवती हिरव्यागार, बोरं लगडलेल्या बोराटीचं कुंपण घातलं, ही चूक माझीच. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी मी बदनापूरला मास्तर होतो. रविवारी सासरे यायचे होते आणि घरची मेथी खाऊ घालीन, असं मी त्यांना पत्रात लिहून बसलो होतो. हरणं मात्र रोज पहाटे येऊन एकेक वाफा साफ करत. शाळेत माझं चित्त थाऱ्यावर नसे. मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन मी उरलेली मेथी पाहून जाई.

रोज सकाळी एक म्हातारा धनगर शेळ्या घेऊन तिथून जायचा. काठीवर हनुवटी टेकून, एका पायावर उभा राहून तो माझं कुंपण बराच वेळ न्याहाळायचा आणि मान हलवून निघायचा. त्याला ते फार आवडलंय, अशी माझी समजूत.

शनिवारी एकच वाफा उरला, तेव्हा मी त्याला थांबवून उपाय विचारला. त्यानं कुंपणातली एक फांदी ओढून शेळ्यांपुढे टाकली. काटे चुकवत त्यांनी पाला आणि बोरं फस्त केली.

"हरणं ह्याच्यासाठी येतेत, मास्तर. मेथी त्याहिला मंग दिसती. काटे वाळलेले पाहिजेत."

"अहो बाबा, आठवडाभर बघत होतात, मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं," तो शांतपणे म्हणाला, "मास्तर हरणं पाळून राह्यला."