उभं राहता येण्यापुरतं

सुलोचनाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात औषधांच्या पेट्या उतरवून घेत होतो. त्यांच्या मुलानं दोन वाक्यं सांगितली आणि फोन ठेवला. उरलेल्या पेट्या आत लावल्या, मग निघालो. याला आता सहा आठवडे होतील.

१९९९ साली बोदलकसाकडच्या एका उपकेंद्रावर आम्ही दोघं रुजू झालो. त्या नर्सबाई, मी आरोग्यसेवक. सुई टोचताना बाई समोरच्या माणसाला धानाबद्दल काहीतरी विचारत. तो उत्तर देईस्तोवर काम झालेलं असे. दहाएक वर्षांनी त्यांच्या स्तनातली गाठ काढली आणि पुढं दोन वर्षांत तोच आजार मणक्यात, खुब्यात, खांद्यात उतरला.

नागपूरला मीही सोबत होतो. मणक्याला किरणांचा शेक दिल्यावर पाठ निवली, बाकीची हाडं दुखतच राहिली. इतक्या ठिकाणी शेक देता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी एक किरणोत्सारी औषध सुचवलं. ते शिरेतून देतात, रक्तातून जाऊन ते दुखऱ्या हाडांत बसतं. जोडीला हाडं मोडू नयेत म्हणून महिन्याला एक सलाइन, आणि रोजच्या गोळ्या. आधी दुखणं वाढेल, मग उतरेल, रक्तातल्या पेशी घटतील आणि आजार काही जाणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मुलगा नको म्हणत होता. बाई त्याच्याकडं न बघता बोलल्या, "बरी होणार नाही, मालूम आहे. मले आपल्या पायावर उभं राहता आलं पाहिजे."

इंजेक्शननंतर काही दिवस लहान लेकरं आणि गरोदर बाया यांना जवळ येऊ देऊ नका, असं सांगितलं होतं. बाईंनी तो नियम सगळ्यांनाच लावला. मी भेटायला गेलो तर खुर्ची अंगणाच्या टोकाला ठेवलेली.

"दूर बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्या आज्याले लोकं दूर बसवत होते. आता मी लोकाइले बसवून राहिली."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही... आम्ही पोवार, गावाच्या लेखी त्यांच्याहून वरच्या जातीचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या घरी आल्या, तेव्हा माझ्या आईनं त्यांच्यासाठी वेगळा कप काढला होता. मी पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो. त्यांनीही पाहिलं असणार.

पहिला आठवडा वाईट गेला. मग दुखणं खरंच उतरलं. जवळपास चार महिने त्या काठीशिवाय चालल्या, कुडव्याला बहिणीकडं राहून आल्या, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन त्यांनी नव्या नर्सला लेकराचा पाय कसा धरायचा ते दाखवलं. त्यानंतर दुखणं परतलं. रक्त चढवूनही पेशी वाढेनात, दुसरा डोस देता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी काऊन म्हणून विचारलं नाही. घरी चला, म्हणाल्या.

मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. मुलानं उशीखालची वही दाखवली. रोजचं दुखणं शून्य ते दहामध्ये मांडायला डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. चार महिने बहुतेक एक, दोन, कधी शून्य. शेवटच्या पानांवर आकडे नाहीत, कोण कोण भेटून गेलं त्यांची नावं आहेत, बाईंच्याच अक्षरात. माझं नाव दोनदा आहे.

त्यातल्या दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपल्या आहेत असं समजून मी न बोलताच परतलो होतो.