यानातल्या बाईच्या आधी आत्या बोलली

आधीच सांगते, आमच्या घरात कुणाच्या अंगात आलं नाही, कुणाची दृष्ट काढली गेली नाही. शेजारच्या काकू बाहेरच्या बाधेबद्दल बोलायला लागल्या की माझी आत्या शांतपणे विचारायची, "बाहेरची म्हणजे... कोथरूडची का?" मीही त्याच वळणाची. तरी हे लिहितेय, आणि लिहिताना अजून अंगावर काटा येतोय – भीतीचा नाही हो, आनंदाचा!

पुण्यात आयटी कंपन्यांच्या बसेस नुकत्याच धावायला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. विश्रांतवाडीत, आळंदी रोडला लागून आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. राहणाऱ्या दोघीच. मी सॉफ्टवेअर टेस्टर, आणि मला जिने वाढवलं ती आत्या – भूगोलाची निवृत्त शिक्षिका. कंपनीने मला काही महिने टोकियोला पाठवलं होतं. तिथून येताना मी एक गेमिंग कन्सोल आणि अंतराळातला एक रोल-प्लेइंग गेम, म्हणजे गोष्टीतलं पात्र होऊन खेळायचा, घेऊन आले. सगळा जपानीत! मला त्या भाषेत फक्त आभार मानता येत होते.

मी परतले आणि थोड्याच दिवसांत आत्याला पक्षाघात झाला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. जिच्या एका वाक्याने रिक्षावाले गप्प व्हायचे, तिला "ते... ते..." याच्या पुढे शब्दच सापडेना. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी बोलत राहा. रोज काय बोलणार? मग रविवारी जेवणं झाली की मी टीव्हीला कन्सोल जोडायचे, खेळायचे आणि तिला धावतं वर्णन ऐकवायचे.

आणि गेम काय होता! प्रत्येक ग्रहाचं आकाश वेगळ्या रंगाचं. यान सुटताना असं संगीत वाजायचं की आपणच उडतोय असं वाटावं. लढाई तर बुद्धिबळासारखी, एकाची चाल दुसऱ्याला वाचवायची. दोषही होतेच – दोन पावलं टाकली की नवा राक्षस, सेव्ह करायची जागा कोसभर लांब, लांबलचक सीन मध्येच तोडायची सोय नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पुढे कुठे जायचं ते पात्रं फक्त तोंडी सांगायची. नकाशावर एक खूण नाही. त्यामुळे बर्फाच्या एका ग्रहावर मी अडकले ती अडकलेच. यान चालवणारी पांढऱ्या केसांची बाई रेडिओवरून तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवत होती...

आणि मागून आवाज आला. "अगं, गोठलेल्या धबधब्याच्या मागे जा म्हणतेय ती. किती वेळा सांगायचं तिने?"

आत्या! अख्खं वाक्य! कंट्रोलर टाकून मी तिला मिठी मारली. दोघी रडलो. मग डोळे पुसून धबधब्यामागे गेले – तिथे खरंच दार होतं.

पण टीव्ही बंद केला की पुन्हा "ते... ते...". इतर पात्रं बोलली तरी ती गप्पच. फक्त ती बाई बोलली, की जपानीचं अक्षरही न शिकलेली आत्या मराठीत सांगायची.

ऑफिसात पल्लवी होती, वर्ध्याची. जपानी शिकलेली, भाषांतरं करायची. तिला हे सांगितलं तर ती हसली. "अंदाजाने सांगत असतील गं." म्हटलं, ये आणि बघ.

पुढच्या रविवारी ती आली. बाई बोलली, आत्याने सांगितलं, पल्लवीने मान डोलावली... अगदी बरोबर. पुन्हा बरोबर! मग यान एका फुटलेल्या ग्रहापाशी येऊन थांबलं. पडद्यावर शांतता. त्या शांततेत आत्या म्हणाली, "भिऊ नका. मी वाट चुकलेले नाही. जरा हळू येतेय, एवढंच."

आम्ही दोघी तिच्याकडे वळलो. तेवढ्यात पडद्यावरची बाई वळली आणि बोलली. पल्लवीने माझा हात घट्ट धरला. तिची ऑफिसातली भाषा कुठल्या कुठे गेली.

"अवो आत्या... हे तर ती आत्ता बोलली! तुमाले आधीच कसं समजलं?"

"मला काय माहीत? तोंडात आलं, बोलले," आत्या म्हणाली. "तू चहा घेणार का?"

चहाचं गेममध्ये कुणीच काही बोललं नव्हतं! ही वाक्यं आत्याची स्वतःची होती. मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले. साखरेऐवजी मीठ टाकलं, तर त्यावरही टोमणा ऐकला. जिवाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्यानंतर तिची वाचा हळूहळू पूर्ण परतली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. मान्य. पण जपानी? आणि तेही त्या बाईच्या आधी? आम्ही गेम पहिल्यापासून पुन्हा खेळलो. तोच सीन आला तेव्हा आत्या मटार सोलत होती. मी आशेने पाहिलं. "माझ्याकडे काय बघतेस? मला कुठे येतं जपानी?"

किती जणांना विचारलं. परवा आत्यापाशी पुन्हा विषय काढला, तर म्हणाली, "मी बोलायला लागले हे पुरत नाही का तुला? कारणही हवंय?"

हवंय ना, आत्या. पण अजून मिळालेलं नाही.