चार तकबिरी

तांबोळी सर आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, मी मराठी. त्यांचा मुलगा इरशाद कंपनीतर्फे अमेरिकेला निघाला तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि पेढ्यांबरोबर व्याख्यानही दिलं. फुकट काही मिळत नाही.

सरांचा विषय एकच: इस्लाममधले पंथ आणि मजहब कसे घडले. मदिनेतल्या गुरूंनी एक सांगितलं, इराकमधल्या कूफ्यातल्यांनी दुसरं, शिष्यांनी ते जपलं आणि गाण्यासारखी त्याची घराणी झाली. सरांच्या घरातही दोन घराणी होती. सर दख्खनी, म्हणून हनफी. झुलेखाबाई श्रीवर्धनच्या, म्हणून शाफई. "तुमचा मजहब अरबांच्या जहाजातून उतरला, आमचा तुर्कांच्या घोड्यावरून आला," असं ते बायकोला चिडवायचे. दुपारनंतरची नमाज बाई आधी पढायच्या, सर उशिरा. त्यामुळे चहा कोणी टाकायचा, हा वाद नव्हता.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरली आणि इरशाद गेला. आईवडिलांचा व्हिसा हातात येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, मित्रांनी तिथेच दफन केलं. मी कोंढव्याला त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा सर नुकतेच मशिदीतून परतले होते. मुलाच्या जनाज्याची, म्हणजे अंत्यविधीची, नमाज इथे पढता येईल का, हे विचारायला गेले होते. इमामसाहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन नाही म्हटलं. हनफींत मयत समोर लागते.

"बरोबरच सांगितलं त्यांनी," सर मला म्हणाले. "हबशी राजा तिकडे त्याच्या मुलखात वारला, तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याची नमाज पढली. शाफई म्हणतात, ती मुभा सगळ्यांना आहे. आमचे म्हणतात, ती त्यांच्यापुरतीच. मीच शिकवतो हे."

जो मतभेद ते जन्मभर कौतुकाने सांगत आले, तो आज त्यांच्या पोराच्या आड आला होता. मला फार राग आला, कोणाचा ते कळेना.

झुलेखाबाई डोळे पुसून उठल्या. "अहो, आमच्यात चालते. माझा भाऊ आलाय, तो पुढे उभा राहील. तुम्ही येता?"

सर उठले. वजू करून, हात-तोंड-पाय धुऊन आले. मेव्हणे पुढे, सर त्यांच्या मागे, बाई शेवटी. समोर जनाजा नाही, नुसती भिंत. या नमाजेत वाकणं नाही, माथा टेकणं नाही. उभ्यानेच चार तकबिरी, म्हणजे चार वेळा 'अल्लाहू अकबर' म्हणायचं. हनफी पहिल्या वेळीच हात उचलतात, शाफई चारही वेळा, हे सरांनीच मला कधीतरी ऐकवलं होतं.

सरांनी चारही वेळा हात उचलले. चौथ्या वेळी ते खाली घ्यायला त्यांना फार वेळ लागला.