शब्द दिलेला शालू

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या आमच्या दुकानात शालू पांघरून उभा होतो. गिऱ्हाइकाला पदर दाखवायचा तर दुकानदारानं घटकाभर नवरी व्हावं लागतं. पदर खांद्यावर तसाच, आणि मी त्याच्या घराकडं निघालो... सव्वा महिना झाला. हे ध्यान बघून सुधाकर मात्र पोट धरून हसला असता.

शाळेपासूनचा दोस्त. कॉलेजात संगणक शिकवायचा. ऑनलाइन विक्री दुकानातल्या साठ्याशी आणि बिलांशी कशी जोडायची, हे त्याचं संशोधन. प्रयोगाला उंदीर हवा होता, मी सापडलो. "बंड्या, पुण्यात कुणी बटण दाबलं की तुझ्या कपाटातली साडी आपोआप विकलेली दिसंल!"

तसंच झालं. देवगाव रंगारीच्या सुमनबाईंनी लेकीसाठी निवडलेला जांभळा शालू पुण्याला विकला गेला. बाईंनी पैसे दिले नव्हते. "ठिवून द्या भाऊ, सोमवारी नेते," एवढंच म्हटलं होतं. आमच्याकडं तेवढं पुरतं. संगणकाला कुठलं पुरायला!

सोमवारी बाई वऱ्हाडच घेऊन आल्या. "शब्द दिल्ता ना भाऊ? परवा हळद हाय, आता म्या काय करू?" मी नाटकी हात करून संगणकाशी बसलेल्या सुधाकरकडं बोट दाखवलं. पठ्ठ्यानं सगळ्यांसमोर पुण्याला फोन लावला. "ताई, चूक माझ्या संशोधनाची. हा शालू एका नवरीला कबूल केलेला आहे." पलीकडून हसू आलं. "मग मला मोरपंखी पाठवा. आणि नवरीचा फोटोही!"

वऱ्हाड शालू घेऊन गेलं. सुधाकर मात्र तिथंच बसून राहिला. "'आहे' आणि 'विकला', दोनच खाने केले मी. आपला अर्धा बाजार तर मधेच चालतो की रे!" त्यानं तिसरा खाना घातला : 'शब्द दिलाय'. त्यातली वस्तू ऑनलाइन दिसत नाही, आणि रोज सकाळी संगणकाचा पडदा विचारतो, 'शब्द कायम?' आज आमच्या गल्लीतली निम्मी दुकानं त्यावर चालतात.

शेवटचा आला तेव्हा त्यानं एक हिमरू शाल बाजूला काढून ठेवली. "मुक्ताची पीएच.डी. झाली की नेतो." मुक्ता त्याची लेक, बापाचंच संशोधन पुढं नेतेय.

परवा ती दुकान उघडतानाच आली. प्रबंध दिला, तोंडी परीक्षा तेवढी राहिलीय म्हणाली. पडद्यावर बापाचं नाव, पुढं 'शब्द कायम?'

"काका, द्या ना आता शाल."

"नाय! शब्द पीएच.डी.चा आहे. आधी डॉक्टर होऊन ये."

ती हसली, डोळे पुसले, आणि गल्ल्याच्या पलीकडून हात लांबवून तिनंच 'होय' दाबलं.