इंगोले बाईंचं मत

राज्याचा अर्थसंकल्प मांडला जाई त्या दिवशी इंगोले बाई आपला मोबाईल स्टीलच्या तांब्यात उभा करून ठेवत. त्यानं आवाज मोठा येतो, अशी त्यांची समजूत होती, आणि ती खरीही होती. जिल्हा परिषदेच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेतली पोरं त्या तांब्याभोवती बसत. "ऐका रे, आपल्याले काय देते ते," बाई म्हणत. पोरांना ओ की ठो कळत नसे. एखादं पेंगायला लागलं तर बाई त्याला खुशाल झोपू देत. मंत्र्याच्या भाषणात झोपायचा हक्क घटनेनंच दिलाय, असं त्या मला गंभीर चेहऱ्यानं सांगत.

मी कारंजा तालुक्यातल्या धनजचा. शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता डोक्यावरचे केस विरळ झाले, तेव्हा कुठे अनसिंगजवळच्या या गावी नेमणूक मिळाली. पहिल्या दिवशी बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि शिक्षण वगैरे काही न विचारता डबा पुढे सरकवला. "सरकारनं नौकरी देली, भाकर आमी देतो. बसा." तेव्हापासून त्यांच्या डब्यात माझी वेगळी भाकरी येऊ लागली.

बाई वाशीमहून येत. नवरा वारलेला, मुलगी संसाराला लागलेली. शाळेबरोबर गावच्या मतदार नोंदणीचं कामही त्यांच्याच गळ्यात होतं आणि ते त्या हौसेनं करत. पोरगी अठराची झाली की आईच्या मागे लागत, "पोरीले सासरी धाडजो, पन आधी मतदार करून धाड." आया हसत, पण ऐकत.

मग एकेक घर पुण्याकडच्या कंपन्यांत कामाला जाऊ लागलं, लेकरंही सोबत गेली. पट घसरला. शाळा बंद करून पोरांना नाल्यापलीकडच्या गावी पाठवणार, अशी बातमी आली. पावसाळ्यात त्या नाल्याला पाणी असलं की मोठी माणसंही थबकतात. गाव पेटलं. निवडणूक तोंडावर होती. पारावर बैठक बसली आणि मतदानावर बहिष्कार ठरला. पुढाकार दत्ताभाऊंचा, त्यांच्या दोन्ही मुली आमच्याच शाळेत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई मतदार चिठ्ठ्या घेऊन निघाल्या. मी सोबत होतो, आणि खरं सांगायचं तर घाबरलो होतो. दत्ताभाऊंनी चिठ्ठीला हात लावला नाही.

"बाई, तुमच्याच शायेसाठी बहिष्कार टाकला आमी, अन् तुमीच चिठ्ठ्या वाटून राह्यल्या?"

बाई ओसरीवर टेकल्या. आधी पाणी मागून घेतलं.

"शाया काहून बंद करून राह्यले, दत्ताभाऊ? पटावर पोरं दिसत नाहीत म्हनून. उद्या मशीनमंदी मतं दिसली नाहीत, त या गावाले कोन पुसन?"

मतदानाच्या दिवशी आमच्याच शाळेत केंद्र होतं. दुपारपर्यंत तिथे चिटपाखरू नव्हतं. बाई दाराबाहेर टेबलाशी बसून होत्या. मग दत्ताभाऊ म्हाताऱ्या आईला मोटारसायकलवर बसवून आले, बाईंकडे न बघता आत गेले. त्यांच्यामागे हळूहळू सगळं गाव आलं.

तरीही शाळा बंद झाली. आदेश आला त्या दिवशी दत्ताभाऊ दारातूनच म्हणाले, "ऐकलं ना तुमचं? काय भेटलं?" बाई पोरांची दप्तरं भरू लागल्या. पोरं गेल्यावर फळ्याकडे तोंड करून त्या रडल्या. मला फार वाईट वाटलं. सरकारी नोकर म्हणून त्यांना आदेशाविरुद्ध जाहीर ब्रही काढता येत नव्हता.

आम्हा दोघांनाही पलीकडच्या शाळेत नेमलं. निवृत्त होईपर्यंत बाई सकाळी आधी गावात उतरत आणि पोरांना घेऊन नाला ओलांडत. निवृत्तीनंतर त्या वाशीमच्या घरी आराम करतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी ते घर भाड्यानं दिलं, गावात खोली घेतली आणि वाशीमच्या यादीतलं आपलं नाव गावच्या यादीत आणवलं. गावात याची चर्चा झाली, थोडी थट्टाही झाली.

एरवी माणसं जमत नाहीत म्हणून तहकूब होणारी ग्रामसभा त्या वेळी भरली. बाई बोलणार, ही बातमी पसरली होती. शाळा पुन्हा सुरू करण्याचा ठराव घ्या, असं त्या म्हणाल्या. सरपंच समजुतीनं म्हणाले, "बाई, लय केलं तुमी. आता आराम करा."

"नौकरीत होती तवा मले बोलता येत नोतं, बापा. आता मी या गावची मतदार हावो. घ्या मत."

मग पहिला हात दत्ताभाऊंचा वर गेला. त्यांच्या शेजारचा गेला, बायकांच्या बाजूचे गेले. बाई हात वर करून त्या सगळ्यांकडे बघत होत्या.

माझं मत अजून धनजच्या यादीत. मी मागे भिंतीशी दोन्ही हात खाली धरून उभा होतो, आणि ते तसे खाली धरून ठेवणं मला फार जड गेलं.