राळ्याच्या पेजेचं पातेलं

फान शूचिनच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की आधी राळ्याच्या पेजेचा वास यायचा, औषधांचा नंतर. बायका यायच्या वजन उतरवायला, पोटावर सुया टोचून घ्यायला, आणि उपाशी आलेलीला ही बाई आधी वाडगाभर पेज पाजणार! लोयांगच्या त्या कामगार वसाहतीत यावरून तिची काय कमी थट्टा झाली? पण सासऱ्याने सुई हातात देताना एकच गोष्ट बजावली होती, रिकाम्या पोटी कुणाला टोचायचं नाही. शूचिनने ते आयुष्यभर पाळलं. "जेवलीस?" विचारायची, आणि उत्तर ऐकण्यापेक्षा समोरच्या तोंडाकडे जास्त बघायची.

त्या सकाळी नेमकं तेवढंच राहिलं. कारण उत्तर दिलं गुइशियाने. ती आणि शूचिन पूर्वी ट्रॅक्टरच्या कारखान्यात एकाच यंत्रावर राबलेल्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. लेकीला, निंगला, ती जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. निंगचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि सासरहून आलेला लाल झगा कमरेला काही केल्या बसेना.

"जेवलीस ना गं?" शूचिनने पोरीला विचारलं.

"जेवली, जेवली! चांगली अंडी खाल्लीत," गुइशियाच म्हणाली. "तू टोच गं ताई, उगाच वेळ नको काढूस."

निंग खाटेवर आडवी झाली.

पोटावर, गुडघ्यांखाली, पावलांवर सुया बसल्या. गुइशियाची टकळी चालूच होती, विहीणबाईने झगा बघताना नाक कसं मुरडलं ते. तेवढ्यात निंगने जांभई दिली. लगेच दुसरी. शूचिनने वळून पाहिलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते, कपाळ घामाने डबडबलं होतं.

"निंग! ए निंग!"

निंगचे डोळे फिरले.

शूचिनने भराभरा सुया काढल्या. डोक्याखालची उशी ओढून पायांखाली सारली, शुद्धीवर आणायला नाकाखाली अंगठा दाबून धरला. दुसऱ्या हाताने मनगट चाचपलं, तर नाडी लागता लागेना.

"काय केलंस गं माझ्या पोरीला!" गुइशिया किंचाळली.

"ओरडू नकोस! खरं सांग, कधी जेवलीय ही?"

"परवा..." गुइशिया म्हणाली. "परवापासून काकडीवरच ठेवलीय. म्हटलं, सुयांच्या जोडीने लवकर उतरेल."

"अगं बये! जीव घेशील पोरीचा!" शूचिन कडाडली खरी, पण खरा संताप आला होता तो स्वतःचाच. विचारलं पोरीला आणि ऐकलं आईचं! इतक्या वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. तिने अंगठ्याचा दाब सोडला नाही. "उठ गं बाळा. मावशी हाक मारतेय ना? उठ."

बोटाखाली नाडी उगाच फडफडल्यासारखी वाटली, मग नीट लागली. पापण्या हलल्या. निंग कण्हली, तेव्हा कुठे शूचिनने श्वास सोडला.

कोमट साखरपाणी पोटात गेल्यावर पोर भिंतीला टेकून बसली. शूचिनने पेजेचा वाडगा तिच्यापुढे धरला. निंगने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि आईकडे पाहिलं.

"खा ना गं," गुइशिया म्हणाली.

"सगळी खाऊ?" निंगने विचारलं.

शूचिनने वाडगा आणि चमचा गुइशियाच्या हातात दिला.

"भरव तिला," ती म्हणाली.