कुकर ऐकू येतो

समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायचं आणि म्हणायचं, "हां, आता बोल." ही काकूंची पद्धत. शरणपूर रोडवरच्या आमच्या कानाच्या मशीनच्या दुकानात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी कॉम्प्युटरकडे बघत त्यांना वय विचारत होते. त्यांनी सरळ माझं तोंड फिरवलं. भाजीवाला असो की बँकेतला साहेब, त्यातून कोणीच सुटत नसे.

माहेर नामपूरचं, राहायला सिडकोत. चाळिशी उलटली आणि कान गेले. पुढचा सगळा संसार त्यांनी ओठ वाचून रेटला. घोटाळा व्हायचा तो प, ब आणि भचा. तुम्हीही आरशासमोर बोलून बघा, ओठांवर भात आणि पात सारखेच दिसतात. काकांनी भात मागावा आणि समोर कांद्याची पात यावी, असं कितीदा तरी झालं होतं. काका ती मुकाट्याने खायचे.

मशीन चालू केल्यावर त्या दचकल्याच. बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकून त्यांनी विचारलं, नाशिक रोजच एवढं ओरडतं का? मी हो म्हटल्यावर खूप हसल्या. मग जरा लाजत म्हणाल्या की हा सगळा खटाटोप काकांच्या आवाजासाठी आहे. तरुणपणी काकांनी गल्लीच्या टोकावरून हाक मारली की घरात ऐकू यायची म्हणे.

आठवड्याने परत आल्या. मशीन घरी चालत नाही म्हणाल्या. दुकानात तर ते ठणठणीत चालत होतं. मी बॅटरी बदलून दिली. पुन्हा तीच तक्रार. शेवटी एकदा त्यांनी मशीनची डबीच माझ्यासमोर ठेवली.

"कुकर ऐकू येतो, टीव्ही ऐकू येतो. माणूस येत नाय. परत घे हे, पोरी."

त्यांचे डोळे भरले होते. माणसाचा आवाज तेवढा गाळणारं मशीन मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुकान बंद करून मी त्यांच्याबरोबर घरी गेले.

घरात दोघंच. काकांनी मला "या, बसा" म्हटलं. मी काकूंच्या कानांत मशीन बसवलं. काका त्यांच्याकडे वळले, ओठ हलले, आणि काकू चहा टाकायला आत गेल्या. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. क्षणभर मला माझ्याच कानांची शंका आली. मग लक्षात आलं. काकांनी आवाज काढलाच नव्हता.

हळूच विचारलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी बोललो की आत्ता," म्हणाले. त्यांना खरंच पत्ता नव्हता. मग आठवून आठवून सांगू लागले. सिडकोतली घरं भिंतीला भिंत लागून. काकूंचे कान गेल्यावर ते ओरडून बोलायचे आणि घरातलं सगळं शेजारी जायचं. तेव्हा काकूंनीच सांगितलं होतं, नुसते ओठ हलवा, मला कळतं. तेव्हापासून त्या घरात नवरा बायकोशी बिनआवाजाचं बोलत होता.

काकू आता नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला नेहमी त्यानंतरचाच क्षण दिसतो.

मी काकांना म्हटलं, हाक मारा. त्यांनी घसा खाकरला. काकू आत ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या दिसत होत्या. काकांचा आवाज घोगरा निघाला, कवळीतून थोडी हवा सुटलेला.

"ऐकलं का गं?"

काकू चटकन वळल्या. काकांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, त्या बाहेरच्या दाराकडे बघत होत्या.

"अहो, बघा ना जरा," त्या म्हणाल्या, "कोणी तरी म्हातारा माणूस आलाय."

दाराला आतून कडी होती.